दहा सेकंद थांब की!

बऱ्याच दिवसांनी लिहितेय, आणि तेही भांडायला. भांडण घरातलंच आहे. नातेवाईक मंडळी हे वाचतात हे मला ठाऊक आहे, तेव्हा ज्याने त्याने आपापलं ओळखून घ्यावं आणि लगेच फोन करू नये. आधी पूर्ण वाचा. बाकीच्यांना वाटेल, आम्हाला काय करायचंय तुमच्या घरच्या कटकटीशी? पण तुमच्या दारात जुनी डिझेल गाडी नसली तरी तुमच्या एखाद्या काकांच्या दारात नक्की असेल.

तर झालं असं. डिसेंबरातली पहाट, साडेचारचा सुमार. बाबांना दम लागला. बाबा एक्याऐंशीचे, दमा जुना, थंडी पडली की डोकं वर काढतो. सातारा त्या आठवड्यात चांगलंच गारठलं होतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी फोटोसकट येऊन गेली होती (ती दरवर्षी येते, आणि आपण दरवर्षी ती वाचतो). अंगणात आमची पांढरी इंडिका, २००४ ची, एमएच ११. बाबांना मागच्या सीटवर बसवलं, आई शेजारी, आणि मी चावी फिरवली. एका दमात, शेवटपर्यंत. खर्र खर्र खर्र... नाही. पुन्हा. नाही. पुन्हा. सहाव्या-सातव्या वेळी सेल्फचा आवाज खोल गेला, मग नुसतंच 'टक', आणि डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणायला लागले. शेवटी गल्लीच्या तोंडाशी दुधाचे कॅन उतरवणारा टेंपो उभा होता, त्यातून बाबांना दवाखान्यात नेलं.

बाबा आता ठीक आहेत. पण टेंपोत तोंडावर मफलर धरून बसलेले बाबा डोळ्यांपुढून जात नाहीत.

त्या दिवसापासून घराण्यात ठराव एकमताने मंजूर झालाय: गाडी भंगारात घाला. दादा पुण्याहून रोज फोनवर तेच सांगतो. सांगलीचे मामा म्हणाले, "पोरी, माणसापेक्षा लोखंड मोठं आहे का?" आणि मामेभाऊ तर गाड्यांतला जाणकारच. "ताई, वीस वर्षांच्या पुढची डिझेल गाडी ती. तिचा काय भरवसा?"

मंडळी, गाडीचा भरवसा होता. चावी माझ्या हातात होती आणि ती मी चुकीची फिरवली. एवढी साधी गोष्ट कोणी ऐकूनच घेत नाही, कारण वय झालेल्यावर दोष टाकला की सगळ्यांची सोय होते.

आता जरा मास्तरीण होते. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पडते, डिझेलला ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा वीस-बावीस पट दाबली की ती इतकी तापते की तिच्यात उडवलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. सगळा खेळ त्या हवेच्या उष्णतेचा. लोखंड रात्रभर गारठलेलं असेल तर त्यातली बरीचशी उष्णता सिलिंडरच्या भिंतीच खाऊन टाकतात. इंडिकाच्या जुन्या १४०५ सीसी इंजिनात तर डिझेल थेट सिलिंडरमध्ये पडतही नाही, आधी शेजारच्या छोट्याशा कोठडीत पडतं. म्हणजे आणखी गार भिंती. म्हणून अशा प्रत्येक कोठडीत बोटाएवढा एक हीटर दिलेला असतो. चावी अर्धी फिरवली की डॅशबोर्डवर वेटोळ्यासारखा पिवळा दिवा लागतो ना, तो याचाच. काही सेकंदांत हीटरचं टोक लालभडक होतं, आठशे-नऊशे अंशांपर्यंत. दिवा विझला की सेल्फ मारायचा. थंडी जास्तच असेल तर दिवा गेल्यावरही तीन-चार सेकंद थांबायचं, नाहीतर चावी मागे घेऊन तो दिवा पुन्हा एकदा लावायचा. सगळं मिळून दहा सेकंद. तेवढ्यात आपल्याकडे कोणाचा सीटबेल्टसुद्धा लावून होत नाही.

मग मी ते का केलं नाही? घाबरले होते, हे खरंच. पण सवयही तुटली होती, आणि ती तुटली सांगलीत. दिवाळीत गाडी घेऊन आम्ही मामांकडे आठ दिवस होतो. मामेभाऊ भर दुपारी गाडी काढायचा, एका झटक्यात चालू करायचा आणि माझ्याकडे बघून हसायचा. "बघ ताई, हीटर-बिटर काही लागत नाही." लागत नाहीच! सांगली साडेपाचशे मीटरवर, ऊन मरणाचं, गाडी तासाभरापूर्वीच बाजारातून आलेली. तिथे ती चालू होणारच. तीच गाडी साताऱ्यात, सातशे मीटरच्या आसपास, पहाटेच्या थंडीत वेगळी वागते. आणि महाबळेश्वरला साडेतेराशे मीटरवर आणखी वेगळी, कारण तिथे हवाच विरळ, दाबायला कमी मिळते. पण आम्ही पडलो ताई. धाकट्याने करून दाखवलं म्हणून आम्हीही दोन महिने तसंच केलं. चालू व्हायची, जरा खोकून, पांढरा धूर सोडून. तो धूर काय सांगत होता ते कळून घेतलं नाही.

या बाबतीत आमच्या आजोबांना जास्त अक्कल होती. आईचे वडील, पलूसजवळ शेती, विहिरीवर किर्लोस्करचं इंजिन. किर्लोस्करवाडी तिथून जवळच, लक्ष्मणरावांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर वसवलेली. डिझेल इंजिनांची कंपनी पुढे १९४६ साली पुण्यात खडकीला निघाली, पण आजोबांच्या लेखी ते इंजिन 'आपल्या वाडीचं'च. ते चालू करणं हा एक सोहळा असायचा. आधी डिझेलचा नळ उघडायचा. पंपाची लिव्हर हाताने हलवून नोझलमधून 'चर्र' आवाज येतोय का, ते कान देऊन ऐकायचं. मग खटका उचलून सिलिंडरमधला दाब सोडायचा, हँडल लावून फ्लायव्हील फिरवायला लागायचं, फिरवत राहायचं, आणि पुरेसा वेग आला की खटका पाडायचा. धडाड्! धुराचा एक काळा गोळा आभाळात, आणि मग दिवसभर डुक डुक डुक. घाई करणाऱ्याला तिथे शिक्षा जागच्या जागी मिळायची, हँडल उलटं फिरायचं. मनगट मोडलेली दोन माणसं त्यांच्या वाडीत होती. इंडिकाची चावी मनगट मोडत नाही, म्हणून आपण माजलो.

आता मला ऐकवण्यात आलेले सल्ले.

एक म्हणजे, "डिझेल गोठलं असेल." नाही हो! साताऱ्याच्या थंडीत डिझेल गोठत नाही. ते लडाखमध्ये गोठतं, म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथल्यासाठी खास हिवाळी डिझेल आणलं, उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं. आपल्याकडे उणे सोडाच, आठ-नऊ अंश झाले तरी आपण त्याची बातमी करतो.

त्याचाच धाकटा भाऊ म्हणजे, "टाकीत थोडं रॉकेल ओत, पटकन पेटेल." हे सांगणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की या गाड्यांच्या पंपाला वंगण म्हणून वेगळं ऑइल नसतं, त्यातून जाणारं डिझेलच त्याचं वंगण. त्यात रॉकेल मिसळलं की पंप आतून घासला जातो. आणि जुना पंप दुरुस्त करायचा खर्च निघाला की मग म्हणायला मोकळे, डिझेल गाडी परवडत नाही.

काकड्याची आठवण तर एका वडीलधाऱ्यांनी अगदी डोळे भरून काढली. थंडीत जुने ट्रकवाले फडक्याचा काकडा पेटवून इंजिनखाली धरायचे, ते. त्यांच्यासमोर दुसरा इलाज नसायचा. माझ्या गाडीत तो काकडा कंपनीने सिलिंडरपाशीच बसवून दिलाय, चार नग, नुसती चावी अर्धी फिरवायची आहे!

आणि "उताराला लावत जा, धक्का मारून चालू होईल." हा मुक्कामाच्या एसटीचा धडा. गावात रात्री मुक्कामाला आलेली एसटी ड्रायव्हर उतारावर लावायचा आणि सकाळी पासिंजरं धक्का मारायची, आम्हीही मारलाय. पण इंडिकाची बॅटरी पार उतरलेली असेल तर धक्क्याने काय होणार? पंपात डिझेल सोडणारा विजेचा व्हॉल्व्हच उघडणार नाही. थोडा जीव असेल तर व्हॉल्व्ह उघडेल, पण हीटर तापणार नाहीत. गार इंजिनाला गार हवा दाबायला लावून चार शेजारी दमवायचे, बाकी काही नाही.

त्या पहाटेनंतर गाडी एका गॅरेजवाल्याने पाहिली (नाव घेत नाही). न बघताच म्हणाला, "मॅडम, नोझल आणि पंप, दोन्ही काढावं लागेल." आकडा ऐकून मी चहासुद्धा नको म्हटलं. मग एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: "सेल्फ मारताना धूर कसला येत होता?" मी म्हटलं पांढरा. तेवढ्यावर त्यांनी अर्धं काम ओळखलं. पांढरा धूर म्हणजे डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही. आधी हीटर बघायचे, ते ठीक निघाले तर मग दाब. धूरच येत नसेल तर डिझेल पोचत नाही, म्हणजे लाइनने एअर धरली. जुन्या रबरी नळ्यांना बारीक भेगा पडतात, डिझेल बाहेर गळताना दिसतही नाही, पण रात्रभरात ते टाकीकडे परत उतरतं आणि नळीत हवा शिरते. अशा गाडीला सकाळी फिल्टरवरचा हातपंप घट्ट लागेपर्यंत दाबला आणि मग ती चटकन धरली, तर रोग नळीत आहे, हीटरमध्ये नाही. आणि सेल्फच रडत फिरत असेल तर बॅटरी, नाहीतर तिच्या टोकांवर जमलेली पांढरी-हिरवी बुरशी. ती गरम पाण्याने धुवायची, अर्थ घट्ट करायची. हे सगळं त्यांनी मला उभ्या उभ्या पाच मिनिटांत सांगितलं.

मग एक वायर आणि एक बल्ब घेऊन त्यांनी चारही हीटर तपासले. दोन मेलेले. म्हणजे मी दिव्यासाठी थांबले असते तरी दोनच सिलिंडरांना मदत झाली असती. पण चौघांतले दोन पेटले की गाडी थरथरत का होईना, चालू होते. मी मात्र त्या दोघांनाही संधी दिली नव्हती. वर सहा-सात वेळा सेल्फ मारून बॅटरी संपवली. चारही हीटर चांगले असले की मिळून चाळीस अँपिअरच्या वर ओढतात. बॅटरी दमली की हीटर दमतात, हीटर दमले की सेल्फ जास्त मारावा लागतो, आणि पुन्हा बॅटरी. सेल्फ सलग दहा सेकंदांच्या वर मारायचा नाही आणि मध्ये अर्धा मिनिट थांबायचं, हे मला बाबांनीच शिकवलं होतं. बाबा मागेच बसले होते त्या वेळी. पण त्यांना बोलवत नव्हतं.

चार नवे हीटर नव्या बॅटरीच्या निम्म्या किमतीतही आले नाहीत, म्हणजे त्याहून स्वस्त पडले.

इथपर्यंत मी स्वतःचीच चूक कबूल करत आले. आता जी सांगणार आहे ती बाबांचीही आहे, आणि जवळपास प्रत्येक घरातल्या बाबांची आहे: गाडी 'गरम करणे'. सकाळी गाडी चालू करायची, दोन-चार वेळा रेस द्यायची, आणि ती तशीच घुरघुरत ठेवून आत येऊन चहा प्यायचा, पेपरचं पहिलं पान वाचायचं. बाबांनी हे किती वर्षं केलं, त्यांच्यानंतर मी केलं. इंजिनावर माया म्हणून. पण डिझेल इंजिन नुसतं उभं ठेवून गरम होतच नाही! उभ्या गाडीत इतकं थोडं डिझेल जळतं की दहा मिनिटांनीही काटा जागचा हलत नाही. तेवढा वेळ अर्धवट जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन खाली नेतं आणि नोझलवर काजळी धरते. आणि गार इंजिनाला रेस देणं म्हणजे ऑइल वर पोचायच्या आत त्याला पळायला लावणं. गाडी चालू झाली की अर्धा-एक मिनिट, ऑइलचा दिवा जाऊन आवाज एकसारखा होईपर्यंत थांबायचं, मग निघायचं, आणि पहिले तीन-चार किलोमीटर हळू, इंजिन न ताणता. गाडी चालल्यानेच गरम होते. ऑइल १५डब्ल्यू-४० घालावं, थंडीत लवकर वर चढतं. आणि पोवई नाक्यापर्यंत भाजीला गाडी काढून परत आणून लावायची, असं रोज करू नये. इंजिन तापायच्या आतच बंद होतं. भाजीला चालत जावं, आठवड्यातून एकदा गाडी कराडपर्यंत नेऊन आणावी.

पण इंजिनाचं जाऊ द्या. आमच्या अंगणात गाडी जिथे उभी असते तिथून चार पावलांवर बाबांच्या खोलीची खिडकी आहे. ती सकाळी उघडायची, कारण डॉक्टरांनी खोली हवेशीर ठेवायला सांगितलंय. म्हणजे रोज सकाळी आम्ही खिडकी उघडायचो आणि तिच्या तोंडाशी दहा मिनिटं गार डिझेल इंजिन चालू ठेवायचो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला नक्की कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलं, तंबाखूच्या धुराच्या पंगतीला. हे मी तेव्हा वाचलं होतं. आई खोकायची आणि म्हणायची, अगं तो धूर. मी म्हणायचे, पीयूसी आहे गाडीची! पीयूसीची ती तपासणी इंजिन गरम असताना करतात. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज, आमची त्यात आरामात बसते. पण पहाटे खिडकीपाशी निघणारा तो पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर त्या कागदावर कधी येतच नाही. बाबांचा दमा त्याने झाला असं मी म्हणणार नाही, तो त्याच्या आधीपासूनचा आहे. पण बाबांच्या छातीत रोज थोडा धूर मी घातला, आणि तो वर्षानुवर्षं घातला. या घरात कोणाला काही भंगारात घालायचंच असेल तर ही पद्धत घाला. मला आजवर एकाही नातेवाइकाने यावरून बोल लावलेला नाही. गाडी विक म्हणणारे सगळे स्वतःच्या दारात तेच करतात, दादासकट.

आता वयाचं. "दिल्लीत दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद करतात" हे मला तीन जणांनी सुनावलं. बरोबर, हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये तसं सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते उचलून धरलं, पण ते दिल्ली आणि आसपासच्या भागापुरतं. तिथेही त्यावर अजून खल चाललेला असतो. आपल्याकडे खासगी गाडीची पंधरा वर्षं झाली की तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते. आमची २०१९ ला वाढली, २०२४ ला पुन्हा. पर्यावरण कर भरलाय. कायद्याने ती उभी राहू शकते.

तरी एक कबूल करते, नाहीतर हा एकतर्फी तमाशा होईल. जुनं डिझेल इंजिन नव्याइतकं स्वच्छ कधीच नसतं, कितीही जपलं तरी. इंजिन तापल्यावरही धूर राहिला, ऑइल जळल्याचा निळा धूर दिसायला लागला, आणि मिस्त्री म्हणाले की आता पिस्टनपर्यंत जावं लागेल, तर मी ती स्वतः नेऊन देईन. पण ते गाडीच्या धुराकडे बघून ठरवेन, तिच्या जन्मसालाकडे बघून नाही. जन्मसालावरून निकाल लावायची सवय घरात एकदा लागली की ती कुठे जाऊन थांबते ते मला माहीत आहे. त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात "आता वयच झालंय" हे वाक्य मी दोनदा ऐकलं. दोन्ही वेळा ते गाडीबद्दल नव्हतं.

आणि मामा, तुम्ही रागावू नका, पण भरवशाचं तुम्ही बोलू नये. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तुमची जीप बॉनेटपर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर दुसऱ्याच दिवशी "बघू तर चालू होते का" म्हणून सेल्फ कोणी मारला? हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकला आणि इंजिन गेलं. फिल्टर काढून, डिझेल आणि ऑइल दोन्ही काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढलं असतं तर ती जीप आज दारात असती. तुम्ही तेव्हा पुराला दोष दिलात, आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली.

सध्याची आमची सकाळ सांगते. गाडी आता फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला लावते, सायलेन्सर घराच्या उलट्या दिशेला. चावी अर्धी. पिवळा दिवा. तेवढ्यात आरसा पुसून होतो. दिवा जातो, मी आणखी चार आकडे मोजते, क्लच दाबून सेल्फ. परवा अकरा अंश होते, पहिल्या फेरीत धरली. मिनिटभरात गाडी गल्लीबाहेर. बाबा खिडकीत बसून ऐकत असतात. पहिल्या दिवशी त्यांनी आतून ओरडून सांगितलं, "अगं, गरम तरी होऊ दे तिला!" त्यांना समजावायला आठवडा गेला, आणि अजूनही पटलेलं नाही. मी परत आले की विचारतात, काटा कुठे आला होता?

संक्रांतीला आम्ही सांगलीला येतोय. बाबांसकट, आणि इंडिकानेच. पेठ नाक्याला चहा, मग आष्ट्यावरून. मामा, दारातली सावलीची जागा रिकामी ठेवा. आणि गाडीची चावी मी मामेभावाला देणार नाही, हे त्याला आत्ताच सांगून ठेवा.